पूर दिवसा आला होता, आत्याला रात्र आठवते

मागच्या दिवाळीत आत्याचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. ठरवून वगैरे काही नाही, चकल्या पाडून झाल्या होत्या, ती सोऱ्या पुसत बसली होती आणि पानशेतच्या पुराचा विषय निघाला. पुण्यात कुठल्याही जुन्या माणसासमोर दहा मिनिटं बसा, पानशेत निघतंच. तेव्हा आत्या अकरा वर्षांची, राहायला शनिवार पेठेत, नदीकडच्या बाजूला. ती सांगत होती की रात्रीची वेळ, सगळीकडे मिट्ट काळोख, हातात मेणबत्ती घेऊन आम्ही जिन्यात उभे आणि खालून पाणी एकेक पायरी चढतंय. सगळे गप्प झालो ऐकताना.

मग चुलतभावाने फोनवर बघितलं आणि म्हणाला, अगं आत्या, पूर दिवसा आला होता! आणि ते खरंच आहे. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण सकाळी फुटलं, तो लोंढा खाली खडकवासल्याच्या धरणात आला आणि मग खडकवासल्याची भिंतही गेली. शहरात पाणी घुसलं, लकडी पूल बुडाला, हे सगळं दिवसाउजेडी. आत्या जरा ओशाळली, म्हणाली असेल बाबा, मी लहान होते. विषय तिथेच संपला, सगळे फराळाला उठले.

मला मात्र ते लागून राहिलं. कारण आत्या खोटं बोलत नव्हती, आणि "गंडली" म्हणून सोडून द्यावं इतकं ते साधंही नाहीये. आपण सगळेच आजकाल यूट्यूबवर जुन्या मुलाखती ऐकतो, एखादा म्हातारा पैलवान, एखादी गायिका, एखादा गिरणी कामगार, कुणी माजी आमदार, आणि एकतर सगळं खरं मानतो नाहीतर एक चूक सापडली की सगळंच फेकून देतो. दोन्ही चूक. या ऐकण्याची एक रीत आहे, तिला अभ्यासक मौखिक इतिहास म्हणतात, नाव जड आहे पण गोष्ट सोपी आहे, तीच जरा समजावून सांगतो.

आधी हे डोक्यातून काढायचं की आठवण म्हणजे कॅसेट आहे, बटण दाबलं की जे भरलं होतं तेच वाजणार. तसं नसतं. आठवण ही दर वेळी नव्याने रांधली जाते, घरात असेल त्या सामानातून. आणि सांगताना जे घातलं ते पुढच्या वेळी मूळचंच वाटायला लागतं. म्हणून लग्नाकार्यात पन्नास वेळा सांगितलेला किस्सा सगळ्यात घोटीव असतो आणि सगळ्यात कमी भरवशाचा.

याचं भारी उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि ते खेळातलं आहे. उलरिक नायसर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, आयुष्यभर स्मरणशक्तीवरच काम. त्यांना लख्ख आठवायचं की ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला ती बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होतो आणि कॉमेंट्री मधेच तोडून बातमी सांगितली. कित्येक वर्षांनी त्यांची ट्यूब पेटली की अरे, डिसेंबरात बेसबॉल कुठे असतं! तिकडे थंडीत बेसबॉलचा सीझनच नसतो. आता माणूस म्हणेल की मग आठवण साफ खोटी. पण पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी शोधलं तर त्या दिवशी न्यूयॉर्कला फुटबॉलची मॅच होती, म्हणजे त्यांचं ते अमेरिकन फुटबॉल, आणि टीमची नावं काय तर जायंट्स आणि डॉजर्स, जी तिथल्या बेसबॉलच्या टीमचीही नावं होती, आणि मैदानही बेसबॉलचंच! म्हणजे मॅच खरी, रेडिओ खरा, बातमी खरी, फक्त मधला एक डबा बदलला गेला आणि तोही का बदलला याला कारण आहे.

याच नायसरनी पुढे एक प्रयोग केला. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान आकाशात फुटलं, तर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी तुम्हाला कुठे, कुणाकडून, कशी कळली. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. साधारण चौथा हिस्सा पोरांचं सगळंच्या सगळं चुकलं, आणि गंमत म्हणजे चुकणारे डळमळत बिलकुल नव्हते, एकदम ठाम! स्वतःच्या हातचा कागद समोर ठेवला तरी काहींना पटेना. तेव्हा "मला कालच्यासारखं आठवतंय" हे वाक्य मुलाखतीत आलं की माणसाचं मन दिसतं, पण ते काही पुराव्याचा शिक्का नसतं.

बरं, मग ऐकायचं कशाला? सरळ वर्तमानपत्रं आणि सरकारी कागद काढावेत ना.

तर इथे आता क्रिकेट. १९४८ चा डिसेंबर, पुण्यात रणजीची मॅच, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ ला आटोपलं आणि मग आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी जे धुतलं, नाबाद ४४३. ४९ चौकार, एक षटकार, साधारण सव्वाआठ तास. महाराष्ट्र ४ बाद ८२६. तेव्हा जगातला विक्रम ब्रॅडमनचा, १९३० चा, नाबाद ४५२. फक्त नऊ रन कमी. आणि स्कोअरकार्डावर खाली काय लिहिलंय तर काठियावाडने सामना सोडला. बस. कागद तिथे संपतो. आता ज्याला प्रश्न पडेल की बाबा नऊ रनसाठी कोण मैदान सोडून जातं, त्याला कागद काही सांगत नाही. ते सांगतात लोक. खेळाच्या मधल्या सुट्टीत काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा नाहीतर आम्ही निघालो, आपल्या टीमविरुद्ध असला विक्रम त्यांना पुस्तकात नको होता, आणि निंबाळकरांना तर विक्रम जवळ आलाय हेच आधी माहीत नव्हतं. भाऊसाहेब २०१२ पर्यंत होते, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाला एक दिवस कमी असताना गेले, आणि तोवर त्यांना भेटणारा प्रत्येक जण याच नऊ रनांबद्दल विचारायचा. भारतातल्या कुणाचा फर्स्ट क्लासमधला सगळ्यात मोठा स्कोअर आजही तोच आहे आणि टेस्ट एकही नाही. दर थोड्या वर्षांनी कुणीतरी माइक घेऊन दारात, आणि प्रश्न काय तर ते नऊ रन.

आता ऐकणाऱ्याने इथे जरा थांबायचं. स्कोअरकार्ड "काय झालं" सांगतं, गप्पा "का झालं" सांगतात, पण ते "का" एका बाजूचं असतं. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती आपल्या बाजूने, फलंदाजाच्या बाजूने. तासन्तास उन्हात बॉलमागे पळालेल्या काठियावाडी फिल्डरला कुणी कॅमेऱ्यासमोर बसवलं असतं तर त्याची गोष्ट वेगळी निघाली असती, आणि खोटी निघाली असती असं मला वाटत नाही.

आकड्यांचंही तसंच. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली असं सांगतात. असेलही, मी काय मोजायला नव्हतो. पण १५१ हा आपल्याकडे देणगीचा, शुभाचा आकडा आहे, पाकिटात एकशे एक्कावन्न घालतो तोच. गावच्या माणसाने तो आकडा सांगितला की मी एवढंच ऐकतो की गाड्या पुष्कळ होत्या आणि मान पूर्ण दिला. उलट जिथे सांगणाऱ्याला सजवण्यासारखं काही नसतं तो भाग मला जास्त खरा वाटतो, म्हणजे जपानी पैलवानाशी झुंजून खाशाबा दमलेले, लगेच रशियाच्या मल्लाशी उभं राहायला सांगितलं, मधे अर्धा तास विश्रांतीचा हक्क होता पण तो मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ब्राँझच्या गोष्टीतला हा तपशील कुणाला मिरवावासा वाटत नाही, म्हणून तो टिकलाय याला वजन आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी इटलीत जावं लागेल. तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव. १७ मार्च १९४९ ला तिथले कामगार नाटो या लष्करी कराराच्या विरोधात बाहेर पडले, पोलिसांशी झटापट झाली आणि लुइजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार मारला गेला. कागदोपत्री सगळं स्वच्छ. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली नावाच्या अभ्यासकाने गावातल्या म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तर अनेक जण सांगायला लागले की लुइजी मेला तो १९५३ मध्ये, कारखान्याने दोन हजारांवर माणसं कामावरून काढली तेव्हाच्या दंगलीत! चार वर्षांचा फरक आणि कारणच वेगळं. एखाद-दुसरा चुकला तर समजू, पण अख्खं गाव एकाच दिशेला कसं चुकेल?

पोर्तेल्लीने चूक दुरुस्त करून फाईल बंद केली नाही, त्याने चुकीलाच प्रश्न विचारला. आणि उत्तर असं लागलं की १९४९ ला आपला पोरगा मेला आणि आपण काहीच केलं नाही, ही गोष्ट त्या लोकांच्या मनाला कुठेतरी टोचत होती. नाटोचा विषय नंतर लोकांच्या लेखी मागे पडला, एवढ्याशा कारणासाठी आपला माणूस गेला हे पचेना. १९५३ ला मात्र ते रस्त्यावर उतरून भिडले होते. मग मनाने त्याचं मरण उचललं आणि जिथे शोभेल तिथे नेऊन ठेवलं. तारीख चुकली पण गावाला काय सलत होतं ते कुठल्याही पोलीस रिपोर्टात नाही, ते या चुकीत आहे.

हे वाचलं आणि मला आत्या आठवली. पूर दिवसा आला, काही तासांत ओसरला. पण त्यानंतर वीज नाही, नळाला पाणी नाही कारण खडकवासलाच फुटलेलं, घरात चिखल, ओल्या गाद्या, आणि अंधारात काढलेल्या रात्री. अकरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात पाणी एक दुपार होतं आणि अंधार पुढे कित्येक दिवस. तिच्या लेखी पूर म्हणजे अंधारच. आमच्या चुलतभावाने फोनवर जे बघितलं ते पाण्याचं वेळापत्रक होतं.

मुंबईतल्या गिरणगावात हेच जास्त ठसठशीत दिसतं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. कुणी जुना साळखात्यातला, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यातला, माणूस भेटला आणि संप कधी संपला विचारलं तर तो म्हणतो, "संप संपलाच नाही." ऐकणाऱ्याला वाटतं भावनेच्या भरात बोलतोय. पण ते अक्षरशः खरं आहे, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही! म्हणजे कधीकधी काव्य वाटतं ती नुसती माहिती असते, आणि उलटंही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभरेक लोकांच्या मुलाखती घेऊन तो काळ नोंदवला, २००४ मध्ये पुस्तक आलं, त्यामागे हाच विचार होता. पुढारी, मालक, सरकार यांचं म्हणणं पेपरात आलेलंच असतं. पण गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बाया होत्या, गावाकडून एकटे आलेले कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. आता संपात पगार बंद झाला तर पहिली उधारी कुणाकडे थकली असेल? हा प्रश्न फक्त त्या खानावळवालीला जाऊन विचारला तरच सुटतो.

संगीतात आणखी एक गोम आहे, तिथे मशीनचाही हात असतो. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान या गायिकेचं गाणं तबकडीसाठी मुद्रित केलं गेलं आणि गाणं संपलं की ती इंग्रजीत म्हणते, "माय नेम इज गौहर जान." आज ऐकताना वाटतं काय तो तोरा! पण त्या तबकड्या तयार व्हायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसाला गाणं काय कळणार, तर कुणाची तबकडी आहे ते समजून लेबल लावता यावं म्हणून ही घोषणा. म्हणजे ती आपल्याशी बोलतच नाहीये. आणि ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात राग बसवायचा, तर जुने गवई रागाला एवढंच गायचे असा निष्कर्ष काढला की फसलात. मैफलीत ते तास-तास कसे गायचे हे कळतं ते शिष्यांच्या गप्पांमधून, आणि शिष्य म्हटला की आपल्या घराण्याची बाजू चार अंगुळं वरच, हे गृहीत धरून ऐकायचं. मला विचाराल तर त्या बढाईतही मजा आहे.

राजकारणात हा "कुणाशी बोलतोय" प्रश्न अजूनच कळीचा. बाबासाहेब आंबेडकरांची १९५५ ची बीबीसीची मुलाखत सगळ्यांच्या फोनवर कधी ना कधी आलेली असते, गांधींना मी महात्मा म्हणत नाही ही क्लिप. ते इंग्रजीत बोलतायत, समोर बीबीसीचे फ्रान्सिस वॉटसन, आणि निमित्त आहे गांधींवरचा रेडिओ कार्यक्रम, म्हणजे विचारणाऱ्याचा विषयच गांधी आहे. तीस सेकंदांची क्लिप बघून दोन्हीकडचे लोक भांडतात. अहो, पूर्ण ऐका ना, बारा-पंधरा मिनिटांचं तर आहे, आणि प्रश्न काय विचारलाय तेही ऐका, कारण मुलाखतीतलं अर्धं उत्तर प्रश्नातच भरलेलं असतं. "तेव्हा फार वाईट वाटलं असेल ना?" असं विचारलं तर समोरचा सभ्य माणूस "हो, वाटलं की" म्हणणारच!

कट्ट्यावरच्या गप्पा आणि रीतसर मुलाखत यांत मला विचाराल तर कट्टा जास्त खरा, मुलाखत जास्त उपयोगी. माइक समोर आला की आपली माणसं लगेच पुस्तकी होतात, "आम्ही गेलो हुतो" म्हणणारा आजोबा "त्या ठिकाणी आम्ही उपस्थित होतो" म्हणायला लागतो आणि त्याबरोबर निम्मी गोष्ट गायब. आणि माइक बंद केला की दारात चपला घालताना खरं ते बाहेर पडतं. पण ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही, हा नियम. दिल्लीला तीन मूर्ती भवनात स्वातंत्र्य चळवळीतल्या लोकांच्या ज्या मुलाखती १९६० च्या दशकापासून घेतल्या गेल्या, त्यांचा टाईप केलेला मजकूर आधी बोलणाऱ्याकडे तपासायला जायचा. त्यात काही मसाला नक्कीच गळाला असणार, पण माणूस मोकळा बोलला तो त्याच भरवशावर.

लेखी मजकुरात आणखी एक गोष्ट गळते, ती म्हणजे आवाज. "हो, साहेब चांगले होते" हे वाक्य कागदावर कौतुक आहे, आणि ऐकाल तर "हो" नंतर तीन सेकंद गप्प आणि नाकातून एक हुंकार. आता ठरवा साहेब कसे होते. म्हणून मूळ टेप जपायची. आणि ती जपणं सोपं नाही, स्पूलच्या टेपवर लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा थर असतो, तो चिकटवणारा पदार्थ काही टेपांत दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो, मग टेप मशीनमध्ये किंचाळते आणि थर खरवडून निघतो. तज्ज्ञ लोक अशा टेपा पन्नासेक अंश तापमानात काही तास चक्क शेकतात, मग ती थोडा काळ नीट वाजते, आणि तेवढ्या वेळात डिजिटल करून घ्यायची. घरी ओव्हनमध्ये करायला जाऊ नका हं! कोकणात तर कॅसेटला बुरशीच येते.

आमच्याकडे बुरशीची वेळच आली नाही. आजोबांची एक कॅसेट होती, त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाबद्दल बोललेलं, दोन्ही बाजू भरून. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या चौकोनी पट्ट्या असायच्या आठवतंय? त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं रेकॉर्ड होत नाही. आमच्याकडे कुणी मोडल्या नाहीत. माझ्या मोठ्या भावाने दहावीच्या सुट्टीत तिच्यावर रेडिओवरची गाणी भरली. बी साईडच्या शेवटी दीड मिनिट उरलंय, त्यात आजोबा फक्त एवढं म्हणतात की "पाणी दे गं जरा" आणि भांड्याचा आवाज येतो. तेवढं डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, फाईल करून तीन ठिकाणी ठेवलंय, व्हॉट्सॲपवर पाठवलेलं धरत नाही, त्यात आवाज दाबला जातो.

तर पाडव्याला मी परत आत्याकडे गेलो. या वेळी तारीख-वेळ काही विचारलं नाही, पूर आला तेव्हा काय झालं हेही नाही. म्हटलं, आत्या, ती मेणबत्ती कुठून आणली होती गं?

ती म्हणाली, "मेणबत्ती नव्हतीच रे, चिमणी होती. रॉकेलची." मग म्हणाली, "पण रॉकेल कुठलं? डबा तर वाहून गेला होता." आणि गप्प. फाईलमध्ये पुढे पाऊण मिनिट नुसता आतला कुकर वाजतोय. तिसऱ्या शिट्टीनंतर तिचा आवाज येतो, एकदम हळू, "वरच्या काकूंनी दिलं होतं बाटलीभर. ते द्यायचं राहिलंच की."